चिमणीतली घोंगडी

थर्मोस्टॅट 20 वर, अंगात दोन स्वेटर, पायात लोकरी मोजे, आणि तरी सोफ्यावर बसलं की घोट्यांशी गार वारा. इंग्लंडात, लीड्समधल्या या घरातला आमचा दुसरा हिवाळा. पहिला आम्ही खिडक्यांना शिव्या घालण्यात आणि दारांच्या फटींना पट्ट्या चिकटवण्यात घालवला.

चोर सापडला उदबत्तीमुळे. गणपती फायरप्लेसच्या फळीवर आहे, पण त्या दिवशी हिने उदबत्तीचं घर खाली फरशीवर ठेवलं. धूर वितभर वर गेला, मग आडवा झाला आणि सरळ फायरप्लेसच्या तोंडात शिरला. आत आग नाही, राखही नाही. तापलेली हवा हलकी, ती धुराड्यातून वर ओढली जायची आणि तिच्या जागी फटीफटीतून गार हवा आत. म्हणजे वर्षभर गॅसचं बिल भरून मी लीड्सचं आभाळ तापवत होतो.

घर घेताना एजंट या फायरप्लेसपुढे गाभाऱ्यात उभं राहावं तसा उभा राहिला होता. ‘ओरिजिनल फीचर!’ हा शब्द इथे ऐकला की आता मी खिसा चाचपतो. ओरिजिनल खिडकी म्हणजे काच थरथरणार, ओरिजिनल फरशी म्हणजे पाय गोठणार. घरं कोळशाच्या काळातली, खोलीगणिक शेगडी. पुढे 1952 चं लंडनमधलं ते कोळशाच्या धुराचं जीवघेणं धुकं, 1956 चा धुराला आळा घालणारा क्लीन एअर अ‍ॅक्ट, मग गॅसचं हीटिंग. आग गेली, भोक राहिलं. ही माणसं किटलीत मोजून एक कप पाणी उकळतील, पण छपरापर्यंतचं भगदाड ‘कॅरेक्टर’ म्हणून जपतील! 1662 साली इथे दर चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग कर होता. 1689 मध्ये तो रद्द झाला म्हणतात. मी अजून भरतोय.

बरं, त्या फायरप्लेसचा फोटो ताबा मिळाल्याच्या दिवशी फॅमिली ग्रुपवर कोणी टाकला होता? मीच. पण एवढ्या पैशात याहून बरं घर या भागात मिळत नव्हतं, हेही खरं.

माझा उपाय सरळ होता: विटा आणि सिमेंट. धुराडं साफ करायला आलेल्या माणसाने मान हलवली. वरून पाऊस येणार, आत काजळी भरलेल्या विटा. हवा पार कोंडली तर भिंत ओल धरेल. जाताना त्याने पोतंभर काटक्या काढल्या. जॅकडॉ नावाच्या पक्ष्याचं जुनं घरटं. जॅकडॉ कावळ्याच्या जातीतला. चिमणीत कावळा! चिऊताईने शेवटी दार उघडलं म्हणायचं.

मग मी धुराड्यात कोंबून फुगवायची रबरी पिशवी आणली. तिसऱ्या दिवशी तिची हवा गेली आणि ती काजळीसकट गालिच्यावर आली. गालिचा धुताना शेजारच्या आजींनी पाहिलं. संध्याकाळी त्या टेप घेऊन आल्या, गुडघ्यावर बसून हात आत घालून धुराड्याचा गळा मोजला, 14 बाय 10 इंच, आणि चार दिवसांनी लोकर दाबून केलेली जाड गादी आणून दिली. खाली ओढायला दांडा. पैसे घेतले नाहीत.

लोकर हर्डविक मेंढीची, लेक डिस्ट्रिक्टमधल्या डोंगरांवरची. राठ, करडी, स्वेटरला कोणी विचारत नाही. वास घेतला आणि थेट आटपाडीला, आजोबांच्या घोंगडीत पोचलो. तिकडेही माणदेशी मेंढीची लोकर अशीच टोचरी. आईला व्हिडिओवर दाखवलं तर म्हणाली, “घोंगडी धुराड्यात कोंबलीस? अंगावर घे की रे.”

दांड्याला हिने लाल रिबीन बांधलीय, कुणी पाहुणा हौसेने आग पेटवायला नको. उदबत्तीचा धूर आता सरळ वर, गणपतीपर्यंत जातो. दुसरा स्वेटर खुंटीवर गेला.

थर्मोस्टॅट मी 19 वर आणलाय. हिला अजून कळलेलं नाही.