पर्पल हार्ट: उन्हात लावा आणि कात्री लावायला घाबरू नका

आपल्याकडे नर्सरीत पर्पल हार्ट म्हणून जे जांभळं झाड मिळतं ना, ते स्पायडरवर्ट नावाच्या फुलझाडांच्या खानदानातलंच, शास्त्रीय नाव ट्रेडस्कँशिया पॅलिडा. मूळचं मेक्सिकोचं, पण नाशिकमध्ये गंगापूर रोड म्हणा, इंदिरानगर म्हणा, कंपाउंडच्या कडेला कुठे ना कुठे दिसतंच. आणि बहुतेक ठिकाणी त्याचे हाल असतात, कारण "ते काय, कसंही जगतं" म्हणून लोक त्याला जिन्याखालच्या सावलीत टाकून देतात. जगतं ते, पण रंग जातो, पानं हिरवट पडतात आणि काड्या लांबच लांब होऊन लोळायला लागतात. मग म्हणायचं की नर्सरीवाल्याने फसवलं!

याला ऊन हवं, तेही भरपूर. मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा कुंडीत असेल तर दुपारपुरती सावली द्या, जमिनीत असेल तर नाही दिली तरी चालतं. निफाडकडे थंडीत पारा एक आकडी झाला की शहरातही गारठतं, मग याची वाढ थबकते, घाबरून जास्त पाणी घालू नका. अमेरिकेतली निळी स्पायडरवर्ट कडक थंडीत वरून मरते आणि वसंतात गड्ड्यातून परत फुटते, आपलं हे जांभळं मात्र बारा महिने उभं असतं.

मातीचं मात्र बघावं लागतं. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, पावसाळ्यात मुळं कुजतात, म्हणून त्यात वाळू किंवा विटांचा चुरा आणि थोडं शेणखत, बस. युरियाच्या नादी लागू नका, नुसता पाला माजतो.

आता छाटणी. द्राक्षवाले एप्रिलमध्ये खरड छाटणी करतात तशी याचीही करायची, चार बोटं ठेवून सगळं उडवायचं, बघणाऱ्याला वाटेल झाड मारलं, पण पाऊस पडला की असा दाट गच्च फुटवा येतो की बास. शेंडे अधूनमधून खुडत राहिलात तर झाड पसरट होतं, नाहीतर मधे टक्कल आणि कडेला लोंबत्या काड्या.

फुलं बघायची असतील तर सकाळी बघा, चहा घेऊन बाहेर आलात की. गुलाबी, तीनच पाकळ्या, मधे पिवळे परागकोष, पानांच्या होडीसारख्या जोडीतून डोकं काढलेलं. दुपारपर्यंत खेळ खलास, बोट लावलं तर ओलसर गोळी हाताला लागते. दुसऱ्या दिवशी शेजारची कळी उमलते.

या कुळातला आपला गाववाला म्हणजे केना. पावसाळ्यात बांधावर, द्राक्षाच्या ओळीत उगवणारा, निळ्या फुलाचा, ज्याची भजी झकास लागतात आणि ज्याच्यावरून शेतकरी वैतागतो, कारण तो जमिनीखालीही न उमलणारी फुलं धरून बी तयार करतो, वरून कितीही उपटा. अंजनेरीच्या डोंगरावर पावसाळ्यात गेलात तर आभाळीची रानफुलंही बघा, तीही याच घरातली. आणि एक भारी गोष्ट, ट्रेडस्कँशियाच्या एका निळ्या वाणात पुंकेसरांवरच्या केसांच्या पेशी किरणोत्सर्गाने निळ्याच्या गुलाबी होतात, शास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली त्या मोजतात! ब्राझीलमध्ये तर आपलं हे जांभळंच हवेच्या प्रदूषणाच्या चाचणीला वापरलंय.

कीड फारशी नाही. पावसाळ्यात गोगलगायी येतात, रात्री टॉर्च घेऊन वेचायच्या, मीठ टाकू नका, माती खराब होते.

काडीचा रस काहींना खाजवतो, कुत्रं चघळत असेल तर त्यालाही त्रास होतो, तेव्हा हातमोजे घाला. आणि छाटलेल्या काड्या मोकळ्या प्लॉटवर किंवा नाल्यात फेकू नका हो, प्रत्येक पेराला मुळं फुटतात. आधी उन्हात कडकडीत वाळवा, किंवा ओल्याच शेजारच्या काकूंना द्या, कुंडीत खोवल्या की लागतात.