उलट्या खुर्च्यांचं दुकान : आमची वाटचाल

हाय विकम हे लंडनच्या वायव्येला, चिल्टर्न टेकड्यांमधलं गाव. एकोणिसाव्या शतकात ते खुर्च्यांवर जगत होतं. 1870च्या दशकात इथून दिवसाला साडेचार हजारांच्या वर खुर्च्या बाहेर पडत, असं गावाच्या इतिहासात सांगतात. आता बहुतेक कारखाने बंद आहेत, काहींच्या जागी फ्लॅट उभे राहिले आहेत. अशाच एका जुन्या कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये आमची कार्यशाळा आहे. मी, माझी बायको आणि दोन कारागीर. जुनं इंग्लिश फर्निचर दुरुस्त करतो, आणि गेली काही वर्षं जुन्या घरांच्या लाकडी खिडक्याही. गणपतीला जमलेली मराठी मंडळी हमखास विचारतात, "सावंतवाडीचा सुतार इंग्रजांच्या खुर्च्या कसा काय दुरुस्त करतो?" उभ्या उभ्या त्याचं उत्तर देता येत नाही, म्हणून हे लिहितोय.

आमच्याकडे सुतारकी पिढीजात. बाबांच्या दुकानात एका कोपऱ्यात सरस शिजत असे, दुसऱ्या कोपऱ्यात स्पिरिटमध्ये चपडा, म्हणजे लाखेच्या पापड्या, भिजत असे. त्यामुळे इथल्या कॉलेजात फर्निचर शिकायला आलो तेव्हा वर्गातला वास ओळखीचा निघाला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात फ्रेंच पॉलिशचं वेड लागलं. हे पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाखच, कापडाच्या पुरचुंडीनं थरावर थर चढवलेली. ती लाख हिंदुस्थानातून यायची. लाख हा एका किड्याचा स्राव. सावंतवाडीच्या गंजिफांवर चमक आणणारा किडा आणि व्हिक्टोरियन जेवणाच्या टेबलावर चमक आणणारा किडा एकच. बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांना फार नवल वाटलं नाही. त्यांना प्रश्न वेगळाच पडला होता. "कुसू सैल झाला म्हणान खुर्ची फेकून दितत थंय?" कुसू म्हणजे दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसणारी लाकडाची जीभ.

शिक्षण झाल्यावर काही वर्षं एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे नोकरी केली. हात तिथे तयार झाला, पण मन रमलं नाही. साध्या ओकच्या पेटीवर नवं कोरीव काम करून तिची किंमत चढवायची, दोन वेगळ्या कपाटांचे अर्धे एकावर एक ठेवून 'अस्सल जॉर्जियन', म्हणजे अठराव्या शतकातलं, म्हणून विकायचे, दीडशे वर्षांचं पॉलिश खरवडून काचेसारखी चकाकी आणायची, असले उद्योग तिथे चालत. त्या नोकरीचा फायदा एवढाच झाला की लबाडी कुठे लपवतात ते कळलं. ती नेहमी खालच्या नाहीतर मागच्या बाजूला असते.

स्वतःचं काम सुरू केलं ते विंडसर खुर्च्यांपासून. या गावात दुसरं काही सुचणंही कठीण होतं. वरून ही खुर्ची साधी दिसते, पण तिच्यात तीन-चार झाडांची वाटणी असते. बैठक एल्मची, कारण एल्मचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात आणि कडेला भोकं पाडली तरी फळी चिरत नाही. पाय बीचचे, पाठीची कमान वाफेवर वाकवलेल्या ॲश किंवा यूची. पाय घडवणारे कातारी जंगलातच झोपडी टाकून राहत आणि ओल्या लाकडावर काम करत. त्यांचा लेथ पायानं चालायचा, आणि दोरी परत खेचायला वर एक लवचीक काठी असायची. पाय वाळवून किंचित ओल्या बैठकीत ठोकला की बैठक वाळताना त्याला आवळून धरते. अशा खुर्चीत कुणी मागाहून खिळा मारला असेल तर आमचं निम्मं काम तो खिळा काढण्यात जातं. एल्मची मात्र अडचण आहे. 1970च्या दशकात रोगानं इंग्लंडातले एल्म कोट्यवधींच्या संख्येनं मेले, त्यामुळे जुनी मोडकी बैठकसुद्धा आम्ही टाकत नाही.

पुढे ओकच्या चौकटींची घरं असलेले लोक येऊ लागले आणि आमचं काम खुर्चीवरून भिंतीवर गेलं. ट्यूडर काळात, म्हणजे 1485 ते 1603 मध्ये, घर आणि फर्निचर यांच्यात सुताराच्या दृष्टीनं फारसा फरक नव्हता. दोन्ही ओकची, दोन्ही कुसू आणि खाचेची, दोन्ही लाकडी खुंटीनं जखडलेली. कुसवातलं भोक खाचेतल्या भोकापेक्षा केसभर आत घेतात, म्हणजे खुंटी ठोकताना सांधा आपोआप ओढला जातो. सरसाचा थेंब लागत नाही. चेशरमधलं लिटल मोर्टन हॉल पाहिलं तर डोळ्यांना आधी त्याची काळी-पांढरी नक्षी दिसते. मी तिथे गेलो की खुंट्या बघत फिरतो. भिंतीच्या पॅनेलच्या फळ्या चौकटीच्या खोबणीत मोकळ्या बसवलेल्या असतात, कारण लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं आणि आकसतं. कुणीतरी हौशी माणूस त्या फळ्या चिकटवून टाकतो, मग घरात हीटिंग येतं, आणि तीन-चारशे वर्षं टिकलेली फळी एका हिवाळ्यात मधोमध तडकते. अशी कामं आमच्याकडे दर वसंतात येतात.

लोक शैलीला राजाराणीचं नाव देतात. ट्यूडर, जॅकोबियन, क्वीन ॲन, जॉर्जियन. दुकानाच्या चिठ्ठीवर तेच शोभतं. पण राजा बदलला म्हणून सुतारानं रंधा खाली ठेवला नाही. हात बदलला तो लाकूड बदललं, कर बदलला किंवा कायदा बदलला तेव्हा. हे कळत गेलं तसं आम्ही प्रत्येक वस्तूबरोबर दोन-तीन पानांचा अहवाल देऊ लागलो. यात लाकूड कुठलं, सांधे कसले, काय मूळचं आणि काय नंतरचं ते असतं. आज गिऱ्हाईक अर्ध्या वेळेला दुरुस्तीपेक्षा त्या अहवालासाठीच येतं.

याचा सर्वांत चांगला दाखला महोगनीचा. 1660 मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर परतला आणि श्रीमंत घरांत अक्रोडाच्या लाकडाची चलती सुरू झाली. अक्रोड महाग, म्हणून आत स्वस्त पाइन आणि वर अक्रोडाचं विनियर, म्हणजे लाकडाचा चिकटवलेला पापुद्रा. हातकरवतीनं कापलेलं हे विनियर दोन-तीन मिलिमीटर जाड असतं. पुढच्या काळातलं यंत्राचं विनियर इतकं पातळ की कडेवर नख लावलं तरी फरक कळतो. 1709च्या भयंकर हिवाळ्यात फ्रान्समधली अक्रोडाची झाडं मोठ्या प्रमाणावर मेली आणि 1720 मध्ये फ्रान्सनं निर्यात बंद केली. त्याच सुमारास, 1721 मध्ये, ब्रिटिश पार्लमेंटनं अमेरिकेतल्या आपल्या वसाहतींमधून येणाऱ्या लाकडावरचा आयातकर काढून टाकला. जमैकाहून महोगनी येऊ लागली. तिची फळी एवढी रुंद की टेबलाचा माथा एकाच तुकड्यात व्हावा, आणि लाकूड एवढं घट्ट की खुर्चीच्या पाठीत जाळी कोरली तरी मोडू नये. लोक ज्या शैलीला चिपेंडेल या सुताराचं नाव देतात तिची मुळं इथे आहेत. ती झाडं तोडणारे हात गुलामांचे होते. चिपेंडेलचं सर्वांत मोठं काम यॉर्कशरच्या हेअरवुड हाऊसचं, आणि ते घर बांधणाऱ्या कुटुंबाचा पैसा वेस्ट इंडीजमधल्या साखरेतून आणि गुलामांच्या व्यापारातून आलेला. अहवालात आम्ही ही ओळही लिहितो. काही गिऱ्हाइकांना ती आवडत नाही.

चिपेंडेलबद्दल आमच्याकडे आठवड्याला एक तरी फोन येतो. "आजीची खुर्ची आहे, चिपेंडेलची." टॉमस चिपेंडेल (1718–1779) हा सुतार होताच, पण त्याची खरी हुशारी 1754च्या पुस्तकात होती. फर्निचरच्या नमुन्यांची 160 चित्रं छापून त्यानं विकायला काढली. ती समोर ठेवून देशभरातले सुतार खुर्च्या करू लागले आणि व्हिक्टोरियन काळात पुन्हा एकदा त्याच धर्तीवर ढिगानं झाल्या. तो वस्तूंवर ठसा उमटवत नसे. खात्री होते ती बहुधा त्या घरातली बिलं आणि हिशेबाची कागदपत्रं जपलेली असतील तेव्हा. असंच शैलीला नाव मिळालेला दुसरा सुतार हेपलव्हाइट. त्याचं नमुन्यांचं पुस्तक तर तो स्वतः गेल्यावर, 1788 मध्ये त्याच्या बायकोनं काढलं. तिसरा शेरटन 1806 मध्ये गरिबीत मेला, आणि त्याच्या हातची म्हणून खात्रीनं दाखवावी अशी एकही वस्तू माहीत नाही. 'शेरटन' खुर्च्या मात्र प्रत्येक लिलावात असतात.

आमच्या पोटाला खरा आधार दिला तो खिडक्यांनी. फर्निचरचा भाव पडत होता, तेव्हा बायकोनं सॅश, म्हणजे वर-खाली सरकणाऱ्या काचेच्या चौकटी असलेल्या, खिडक्यांचं काम शिकून घेतलं, आणि आज ते आमच्या निम्म्याहून जास्त उत्पन्नाचं आहे. जॉर्जियन घराचं वय दारावरच्या तारखेपेक्षा त्याच्या खिडक्यांवरून जास्त भरवशानं मला सांगता येत नाही, पण बायकोला येतं. 1666च्या आगीनंतर लंडनमध्ये बाहेरच्या भिंती विटांच्या किंवा दगडाच्याच बांधायचं बंधन आलं. तरी खिडकीचं लाकूड भिंतीच्या तोंडाशीच राहायचं. 1709च्या कायद्यानं चौकट चार इंच आत घ्यायला लावली, आणि 1774च्या कायद्यानं बाजूची, सॅशची वजनं असलेली लाकडी पेटी विटांमागे दडवायला लावली. म्हणून सुरुवातीच्या खिडकीला जाडजूड लाकडी कड दिसते आणि नंतरच्या खिडकीत जवळजवळ काचच दिसते. हे कायदे लंडनपुरते होते, पण बाकीच्या गावांनी हळूहळू राजधानीची नक्कल केली. काचेवरचा कर वजनावर होता, त्यामुळे काच पातळ. तो 1845 मध्ये गेला, मोठ्या जड काचा आल्या, मधल्या पट्ट्या गेल्या, आणि त्या वजनानं सांधे उघडू नयेत म्हणून वरच्या सॅशच्या कोपऱ्यांना खाली शिंगं फुटली, म्हणजे उभ्या लाकडाची टोकं सांध्याच्या खाली थोडी वाढवलेली. जॉर्जियन घराला शिंगांची खिडकी दिसली की ती मागून बसवलेली, हे समजावं. विटांनी बुजवलेली प्रत्येक खिडकी 1696च्या खिडकीकरामुळे बुजली, असं इथले लोक मोठ्या हौशीनं सांगतात. कर 1851 पर्यंत होता हे खरं, पण कित्येक खिडक्या पहिल्यापासूनच खोट्या असतात, दर्शनी बाजू डावी-उजवी सारखी दिसावी म्हणून.

अठराव्या शतकातला वास्तुकार रॉबर्ट ॲडम याच्या नक्षीदार छतांना आमचा हात लागण्याचा संभव नाही, त्यामुळे त्याच्यावर बोलत नाही. त्यानं सजवलेलं ओस्टर्ली हे घर लंडनमध्येच आहे, जाऊन बघावं.

रीजन्सीच्या काळात, म्हणजे 1800 नंतरच्या दोन-तीन दशकांत, रोजवूड आलं. त्यातलं हिंदुस्थानी ते आपलं शिसव. काळसर लाकूड, त्यात पितळेची नक्षी, तलवारीसारखे वाकलेले पाय. काम सुरेख, पण कागदपत्रांची कटकट. 2017 पासून शिसवाच्या सगळ्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या निर्बंधांत आल्या, त्यामुळे दुरुस्तीला आम्ही मोडक्या फर्निचरमधलं जुनंच लाकूड वापरतो. हस्तिदंताचा कायदा त्याहून कडक. विशाखापट्टणमला इंग्रजांसाठी केलेल्या हस्तिदंती जडावाच्या पेट्या इथल्या घरांतून निघतात. जून 2022 पासून अशी वस्तू विकायची तर आधी नोंदणी किंवा दाखला लागतो, आणि वस्तू त्या सवलतीत बसेलच अशी खात्री नसते. आम्ही दुरुस्ती करतो, विक्रीत पडत नाही.

व्हिक्टोरियन फर्निचर मला फारसं आवडत नाही. यंत्रानं कोरलेलं, बटणं टाचलेलं, स्प्रिंगा कुरकुरणारं. त्याच काळातली गॉथिक हौस मुंबईत राजाबाई टॉवरवर चढली तेव्हा निदान दगडात तरी उतरली. पण त्याच काळात विल्यम मॉरिस झाला, हे विसरता येत नाही. 1877 मध्ये त्यानं जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली आणि सांगितलं की जुनं रूप परत आणण्याच्या नावाखाली खरवडू नका, रोजची निगा राखा, मोडलंय तेवढंच जोडा. आमच्या कार्यशाळेचा नियम तोच. जोड सरसाचा, म्हणजे उद्या कुणालाही गरम पाण्यानं उकलता येईल. नवा तुकडा जवळून बघितला तर ओळखू यावा. अठराव्या शतकातल्या टेबलाला आम्ही आरशासारखं पॉलिश करत नाही, कारण ते मुळात तेल, मेण किंवा वार्निशचं होतं, चकाकी व्हिक्टोरियन मंडळींनी चढवली. यावरून काही गिऱ्हाइकं परत गेली, जाऊ द्यात.

सध्या बाजारात जुन्या तपकिरी फर्निचरला भाव नाही. अठराव्या शतकाच्या अखेरचं साधं महोगनीचं खणांचं कपाट लिलावात कधीकधी भुशाच्या बोर्डाच्या नव्या कपाटाच्या किमतीत जातं. म्हणून दोन वर्षांपासून आम्ही काही वस्तू स्वतः घेऊन, नीट करून, तरुण जोडप्यांना विकतो. बहुतेक जण भाड्यानं राहतात आणि पहिला प्रश्न लाकडाचा नसतो, जिन्याचा असतो. एकावर एक ठेवलेलं उंच दुहेरी कपाट दाखवलं की चेहरे पडतात. मग माझी बायको वरचा भाग उचलून बाजूला ठेवते आणि कडेची पितळी कडी दाखवते. जॉर्जियन घरांचे नोकरांचे जिनेही अरुंदच होते.