तिसऱ्या खेपेची काजळी

पांढऱ्या गाडीच्या मागच्या बंपरवर, उजव्या कोपऱ्यात, अर्धचंद्रासारखा काळा डाग. महिन्याभरात तिसऱ्यांदा तीच गाडी माझ्यासमोर उभी होती. काका चावी देत म्हणाले, "तुमचं पॉलिश दहा दिवसही टिकत नाही हो."

राग आला. दोन्ही वेळा मी काम जीव लावून केलं होतं. आधी नुसतं पाणी, कारण काजळी कोरडी पुसली की रंगावर बारीक ओरखडे उठतात (पांढऱ्यावर लपतात, काळ्या गाडीवर उन्हात सगळे दिसतात). मग दहापट पाण्यात डिग्रीझर (तेलकटपणा काढणारं द्रावण), मऊ ब्रश, क्ले बार (रंगात रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी) आणि शेवटी पॉलिश.

या खेपेला ब्रश उचलण्याआधी डागावर बोट फिरवलं. कोरडी भुकटी. इंजिन ऑइल जळत असतं तर बोट तेलकट झालं असतं. पेट्रोल गाडीतूनही थोडी काजळी येते, आणि धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होत असल्याने ती परत गाडीवरच बसते. पण ती अशी सगळ्या पाठीवर पातळ पसरते. एकाच कोपऱ्यात एवढी गडद म्हणजे धूर थेट तिथे आपटत होता.

गाडी लिफ्टवर घेतली. सायलेन्सर गाडीखाली टांगून धरणाऱ्या रबरांपैकी पुढचं तुटलेलं. पुढचा भाग खाली बसला होता, त्यामुळे शेपूट वर होऊन पाइपचं तोंड बंपरच्या कडेखाली गेलं होतं. त्या ताणाने धुराच्या पाइपचा मधला जॉइंटही सैल झालेला, भोवती काळा ओघळ. गाडी थंडच होती. सहकाऱ्याला सुरू करायला सांगितलं आणि जाड फडक्याने पाइपचं तोंड क्षणभर अर्धवट दाबलं. जॉइंटमधून फुसफुस ऐकू आली.

"गाडीत कधी धुराचा वास येतो का, काका?"

"मला नाही येत. पण ही मागे बसली की डोकं दुखतं म्हणते, काच उघडायला लावते. मला वाटायचं, हिची सवय."

मी हातातलं फडकं खाली ठेवलं. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने डोकं दुखतं, पण त्याला वास नसतो. जॉइंट दुरुस्त होईपर्यंत गाडी हलवायची नाही, असं मी त्यांना सांगितलं. काका रिक्षाने घरी गेले.

दुसऱ्या दिवशी नवं रबर, जॉइंटमध्ये नवं गॅस्केट (फट बंद करणारी चकती) लागलं, पाइप सरळ झाला. मग काजळी धुतली. खाली तळहाताएवढा पिवळट पट्टा उरला. उष्णतेने रंगच भाजला होता. तो कुठल्याही केमिकलने जात नाही, बंपर नव्याने रंगवावा लागतो.

काका वाकून बघत म्हणाले, "हा पिवळा डाग आधी नव्हता."

होता. दुसऱ्या खेपेला मला दिसला होता. पॉलिशने जाईल म्हणून मी अर्धा तास तोच घासत बसलो होतो. तसं त्यांना सांगितलं आणि त्या दिवशीच्या धुण्याचे पैसे घेतले नाहीत.