कॉस्टिकच्या लाईनला अलार्म लावताना

निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरला की पेपरात द्राक्षबागेतल्या शेकोट्यांचे फोटो येतात. त्याच पहाटे आमच्या सिन्नरच्या प्लांटमध्ये कॉस्टिक लायच्या, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातल्या द्रावणाच्या, लाईनची धास्ती असते. ५० टक्क्यांची लाय साधारण १२ अंशांखाली गोठू लागते. म्हणून पाइपाला विजेची केबल लावून तो गरम ठेवतात, त्याला हीट ट्रेसिंग म्हणतात. ‘महाराष्ट्रात कसलं आलंय हीट ट्रेसिंग’ म्हणणाऱ्यांना मी डिसेंबरात नाईट शिफ्टला बोलावतो. अजून कोणी आलेलं नाही.

आमच्याकडे सेल्फ-रेग्युलेटिंग (तापली की आपोआप कमी उष्णता देणारी) केबल आहे, प्रत्येक सर्किटला तापमान मोजणारा पीटी-१०० सेन्सर, आणि पॅनेलमध्ये केबल चालू-बंद करणारा कंट्रोलर. सेटपॉइंट, म्हणजे लाईन राखायचं तापमान, २५ अंश. कंट्रोलर कारखान्यातून येताना अलार्मचे आकडे भरूनच येतो, आणि बहुतेक ठिकाणी ते तसेच राहतात. पण त्या आकड्यांना आपली लाईन माहीत नसते.

लो टेंपरेचरचा आकडा मी सेटपॉइंटवरून खाली मोजत येत नाही, १२ वरून वर मोजतो. हीटिंग बंद पडलं तर इन्सुलेशनमधली लाय गोठणापर्यंत यायला किती वेळ घेईल, आणि रात्री फोन केल्यावर इलेक्ट्रिशियन पॅनेलपाशी किती वेळात पोचेल, हे दोन हिशेब जुळले पाहिजेत. बारीक लाईन भराभर गार होते. म्हणून १ इंची सॅम्पल लाईनचा अलार्म २० वर आणि ३ इंची हेडरचा (मुख्य पाइपाचा) १७ वर. हेडरला वर थोडा डिलेही दिलाय, कारण थंडीत टँकरमधली गार लाय आत शिरली की पारा क्षणभर घसरतो आणि अलार्म उगाच बोंबलतो.

हाय अलार्म वेगळ्या कारणासाठी. गरम कॉस्टिकने कार्बन स्टीलच्या वेल्डजवळ तडे जातात, त्यामुळे लाईन तापू द्यायची नाही. केबलला वीज देणारा सॉलिड स्टेट रिले (इलेक्ट्रॉनिक स्विच) खराब होतो तेव्हा तो बऱ्याचदा शॉर्ट होतो, म्हणजे कंट्रोलर ‘बंद’ म्हणतो आणि केबल चालूच राहते. तेव्हा हा अलार्म लागतो. पण ४० ठेवला तर मे महिन्यात दुपारच्या उन्हानेच वाजतो, आणि ऑपरेटरने त्यावर करायचं काय? सूर्याला ट्रिप करता येत नाही. अलार्म कसे असावेत हे सांगणाऱ्या आयएसए १८.२ या स्टँडर्डमध्ये अलार्मची व्याख्याच अशी आहे की ज्यावर ऑपरेटरने वेळेत काहीतरी करणं गरजेचं आहे तो अलार्म. म्हणून आमच्याकडे तो ४५ वर आहे.

करंटचे अलार्म जास्त फसवे. ही केबल गार असताना जास्त करंट ओढते, तापली की कमी. चालू करताच हाय करंट वाजू नये म्हणून पहिली काही मिनिटं सोडून द्यावी लागतात. लो करंटला बरेच जण डोळे झाकून नेहमीच्या करंटच्या ५० टक्के टाकतात. आता समजा एका सर्किटला सारख्या लांबीच्या तीन फांद्या आहेत आणि एक तुटली. करंट तिसऱ्या हिश्शाने पडतो, म्हणजे साधारण ६७ टक्के उरतो. ५० टक्क्यांचा अलार्म गप्प, आणि ती फांदी हळूहळू गोठतेय. सेन्सर दुसऱ्या फांदीवर असेल तर तापमानही छान दिसतं! म्हणून लाईन सेटपॉइंटला स्थिरावल्यावर करंट मोजून लिहून ठेवायचा आणि त्याच्या ८० टक्क्यांवर अलार्म लावायचा.

अर्थ लीकेजला, म्हणजे केबलमधून जमिनीकडे झिरपणाऱ्या करंटला, ट्रिप (सप्लाय तोडणं) ३० मिलीअँपिअरवर आहे. लांब केबलला थोडं लीकेज नवी असतानाही असतं, म्हणून सुरुवातीचं रीडिंग पाहून अलार्म त्याच्या थोडा वर ठेवलाय. ते रीडिंग पावसाळ्यात चढायला लागलं की ग्लँडमधून (केबल आत शिरते तिथल्या सीलमधून) जंक्शन बॉक्समध्ये पाणी गेलंय असं समजायचं.

पण इथेच खरी गोम आहे. थंडीचे दिवस सोडले तर लाईन बऱ्याचदा बाहेरच्या हवेनेच २५ च्या वर असते. तेव्हा कंट्रोलर आउटपुट देतच नाही. आउटपुट नाही तर करंट नाही, लीकेज नाही, म्हणजे अलार्मही नाही. जुलैत भिजलेली केबल पहिल्या कडाक्याच्या थंडीत ट्रिप होते, नेमकी लागते तेव्हा. यासाठी कंट्रोलरमध्ये ऑटो-सायकल असते: ठरलेल्या वेळाने तो लाईन गरम असली तरी थोडा वेळ केबल चालू करून करंट आणि लीकेज बघतो. कित्येक पॅनेलांत ती बंदच असते. आम्ही २४ तासांची ठेवलीय, सकाळी दहाला, म्हणजे बिघाड निघाला तर मेंटेनन्सचे लोक जागेवर असतात.

सेन्सर तुटला तर आउटपुट चालू ठेवायचं की बंद, यावर आमच्याकडे दरवर्षी वाद होतो. माझं मत: केबल सेल्फ-रेग्युलेटिंग असेल आणि अखंड चालू राहूनही लाईन मर्यादेत राहते हे हिशेबाने तपासलेलं असेल, तर चालू. एमआय (मिनरल इन्सुलेटेड) केबलला कधीच नाही, ती स्वतःहून आवरत नाही.

आणि तो ‘ट्रेसिंग कॉमन फॉल्ट’. सगळ्या सर्किटांचा मिळून डीसीएसला (कंट्रोल रूममधल्या प्लांट चालवणाऱ्या संगणकाला) एकच सिग्नल. एका सर्किटचा किरकोळ अलार्म महिनाभर उभा राहिला की बाकीच्यांचं काहीही झालं तरी स्क्रीनवर नवीन काही दिसत नाही. आम्ही मॉडबसवरून (उपकरणांमधल्या डेटा लिंकवरून) लो टेंपरेचर प्रत्येक सर्किटचा वेगळा घेतला, तो ऑपरेटरकडे. करंट, लीकेज, सेन्सर हे मेंटेनन्सच्या यादीत. कॉमन रिले ठेवलाय, पण नॉर्मलला एनर्जाइज्ड, म्हणजे पॅनेलचीच सप्लाय गेली तरी तो पडून कळवतो.

सध्या पंप सक्शनच्या व्हॉल्व्हजवळ दुसरा सेन्सर बसवायचं इंडेंट (स्टोअरकडे मागणीपत्र) टाकलंय. व्हॉल्व्हची बॉडी पाइपापेक्षा जास्त उष्णता सोडते आणि तिथे कंट्रोलरला काहीच दिसत नाही. स्टोअर म्हणतं दिवाळीनंतर येईल.