पुकारलेली नावं

स्मरणिका समितीचा फोन आला, "शिक्षकांच्या आठवणी लिहून दे." शिक्षकांवर माझ्या वर्गातले प्राध्यापक आणि डॉक्टर झालेले लोक लिहितीलच, आणि माझ्यापेक्षा शुद्ध लिहितील. मी नाशिकरोडचा साउंडवाला. जयंती, गणपती, लग्न, कीर्तन, ऑर्केस्ट्रा, जिथे माइक लागतो तिथे माझा टेम्पो उभा. म्हणून मी लिहितो ते आपल्या शाळेत कधी पाऊल न टाकलेल्या गायकांविषयी, आणि त्यांना शाळेत घेऊन येणाऱ्या दोन माणसांविषयी.

पहिले आपले संगीताचे सर. सर बाबूजींचे, म्हणजे सुधीर फडक्यांचे भक्त. १ एप्रिल १९५५ ही तारीख त्यांनी आमच्या इतिहासाच्या सनावळीत परस्पर घुसवली होती. त्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गाणी, शब्द गदिमांचे, चाली बाबूजींच्या. सर तेव्हा लहान होते. वाड्यात एकच रेडिओ, आणि गाणं लागायच्या आधी बायका त्याला हार घालून उदबत्ती लावायच्या, असं ते सांगत. आम्ही खिदळायचो. आमच्या लेखी पंचवटी म्हणजे सिटी बसची पाटी आणि सीतागुंफा म्हणजे पाहुणे आले की दाखवायची जागा. सर रागवायचे नाहीत. एका पोराला शेवटच्या बाकामागे उभं करायचे आणि गाणाऱ्याला म्हणायचे, "त्याला तुझा 'ळ' ऐकू गेला पाहिजे. बाबूजींचा जातो." आजही कार्यक्रमाआधी मी मिक्सर सोडून शेवटच्या रांगेत जाऊन उभा राहतो. कालिदास कलामंदिर असो की गल्लीतला मंडप, आवाज किती मोठा आहे हे बघायला नाही, शब्द पोचतो का ते बघायला.

दुसरं माणूस म्हणजे मावशी. वर्ग झाडणं, पाण्याची टाकी भरणं, घंटा देणं, पोराला ताप आला तर घरी पोचवणं, सगळं त्याच करत. झाडताना गायच्या. एप्रिलमध्ये भीमगीतं, आषाढात विठ्ठलाची. प्रल्हाद शिंदेंच्या आवाजात दोन्ही होतं, त्यामुळे मावशींना कधी गायक बदलावा लागला नाही. पण त्यांचं खरं दैवत भीमगीतं लिहिणारे आणि गाणारे लोककवी वामनदादा कर्डक. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा माणूस, १५ ऑगस्ट १९२२ चा जन्म, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला. मावशी त्यांचा उल्लेख घरातल्या थोरल्या भावासारखा करत. "दादांनी काल काय गायलंय!" हे ऐकून नव्या बाई एकदा "तुमचे दादा कुठे असतात?" असं विचारत्या झाल्या होत्या.

मावशींना लिहिता-वाचता येत नव्हतं. सातवीत असताना त्यांनी मला मधल्या सुट्टीत गाठलं. हातात शंभर पानी वही आणि गाणी भरून आणलेली साठ मिनिटांची कॅसेट. "ए लेकरा, तुझं अक्षर बरं आहे. एवढं उतरून दे." आमच्या घरी टेपरेकॉर्डर होता. एक ओळ ऐकायची, बटण दाबून थांबवायचं, लिहायचं, पुन्हा मागे न्यायचं. टेप गुंतली की पेन्सिल घालून फिरवायची. त्या कॅसेटची मी पार दोरी केली. पण वही भरली.

मला वाटलं होतं, वाचता येत नाही तर वही हवी कशाला? देवघरात ठेवतील. त्यांनी वेगळंच चालवलं होतं. गाणी त्यांना तोंडपाठ होती. ओळीवर बोट ठेवून त्या गायच्या, आणि जिभेवर जो शब्द येई तो बोटाखालचाच असणार या हिशेबाने अक्षरं ओळखायच्या. वामनदादांची पद्धत अशी की गाण्याच्या शेवटच्या कडव्यात बहुधा 'वामन' हे नाव येतं. त्यामुळे पानापानावर, तळाशी, एकच शब्द. मावशींना वाचता आलेला पहिला शब्द तोच. बाराखडीतला एक काना सोडला तर त्यात अवघड काही नाही. शिक्षणशास्त्राच्या पदव्या घेतलेल्यांनी यावर काय म्हणावं ते म्हणावं, मी तरी इतकं चोख पाठ्यपुस्तक पाहिलेलं नाही.

खुद्द वामनदादाही मोठेपणी, मुंबईत कष्टाची कामं करताना, अक्षरं शिकले. मावशी सांगायच्या की कुणी पत्र वाचून मागितलं आणि दादांना वाचता आलं नाही, तेव्हाच त्यांच्या जिवाला लागलं. "ते एवढे थोर, ते शिकले. मग मला काय धाड भरली?" पुढे त्या पगारपत्रकावर सही करू लागल्या. सहीला वेळ फार लागायचा. रांगेतले बाकीचे कुरकुरायचे. मावशी वर बघायच्या नाहीत.

एकदा सर व्हरांड्यातून जाताना थांबले. कॅसेटवरच्या गाण्यांना ते एरवी नाक मुरडत. आनंद शिंदेंचा 'पोपट' तेव्हा रिक्षारिक्षांतून ओरडत होता, त्याचं नाव काढलं तरी त्यांच्या कपाळाला आठी पडे. पण मावशींचं गाणं झाल्यावर म्हणाले, "मावशी, सूर पक्का आहे तुमचा." मावशींनी लगेच विचारलं, "आणि 'ळ'?"

दहावीनंतर मी एका मंडपवाल्याकडे वायरी ओढायला लागलो. तिथे मला चाहता म्हणजे काय ते पाठीमागून बघायला मिळालं. कव्वालीचा सामना रंगात आला की लोक स्टेजकडे नोटा घेऊन सरकत. गायक गाणं मध्येच थांबवून पुकारे, अमुक अमुक, राहणार अमुक वाडी, यांच्याकडून अकरा रुपये बक्षीस, पार्टी त्यांची आभारी आहे. बेंजो एक सुरावट वाजवी आणि गाणं पुढे चालू. मला आधी हा व्यत्यय वाटे. मग लक्षात आलं की अकरा रुपये देणारा गाणं ऐकून झालेलं असतानाही हलत नाही, नाव पुकारलं जाईपर्यंत उभा राहतो. कारखान्यात त्याला नंबराने ओळखतात, चाळीत कुणाचा तरी बाप म्हणून. त्या रात्री त्याचं पूर्ण नाव, आडनावासकट, चार कर्ण्यांतून देवळालीगावापर्यंत जातं, आणि तेही ज्याच्या आवाजावर जीव टाकला त्याच्या तोंडून.

रेडिओचंही तेच होतं. 'आपली आवड'ला लोक १५ पैशांचं पोस्टकार्ड टाकायचे ते गाण्यासाठी थोडंच? गाणं उद्या परवा लागणारच होतं. निवेदिका नावांची यादी वाचताना अख्खं घर रेडिओला कान लावून बसे. झुमरीतलैया हे गाव फर्माइशी धाडण्यापायीच देशाला ठाऊक झालं. आता पोरं सेल्फी काढतात. मी त्यांना हसत नाही. गायक कुणाबरोबर उभा होता हे त्याला दुसऱ्या दिवशी आठवत नाही, पण बक्षीस देणाऱ्याचं नाव तरी कुठे आठवत होतं? चाहत्याचं काम तेवढ्यात होऊन गेलेलं असतं.

१५ मे २००४ ला वामनदादा नाशिकमध्येच गेले. महिनाभराने, जूनमध्ये, प्रल्हाद शिंदे गेले. आमच्या भागात दादांसाठी श्रद्धांजली सभा झाली, साउंड माझा होता. मावशी तोवर निवृत्त झाल्या होत्या, तरी आल्या, वही घेऊन. सूत्रसंचालक म्हणाला, "आता शाळेच्या मावशी एक गीत सादर करतील." मावशी माइकपाशी आल्या आणि गाण्याआधी स्वतःचं नाव सांगितलं. पहिलं, मधलं, आडनाव आणि माहेरचं गावसुद्धा. मी चौदा वर्षं त्या शाळेच्या आसपास वावरलो, ते नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. गाणं त्यांना झोपेत पाठ होतं, म्हणून मी माइक खाली घेताना पुटपुटलो, "मावशी, वही राहू द्या, हात मोकळा ठेवा."

"असू दे हातात. लोकांना दिसू दे मी वाचून गाते ते."

समितीला माझी एकच मागणी आहे. स्मरणिकेच्या शेवटी कर्मचाऱ्यांची यादी छापणार आहात, तिच्यात कुणाच्या नावाऐवजी नुसतं 'मावशी' किंवा 'मामा' येऊ देऊ नका. मावशींचं पूर्ण नाव मी सोबतच्या कागदावर लिहून दिलं आहे, बाकीच्यांचं विचारून आणतो. मुख्य कार्यक्रमात ही यादी माइकवरूनही वाचा, पाहुण्यांचं भाषण थोडं आखडतं घेतलं तरी चालेल. साउंडचं भाडं मी शाळेकडून घेणार नाही. जनरेटरच्या डिझेलचं मात्र तुम्ही बघा, उन्हाळ्यात संध्याकाळच्या लाइटचा आपल्याकडे भरवसा नाही.