सरांनी मोजायला शिकवलं

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं समितीचं पत्र आलं आणि शाळेबद्दल लिहायचं म्हटल्यावर मला सरांशिवाय दुसरं काही सुचेना. सहली, स्नेहसंमेलनं, कवायतीचं मैदान यांवर बाकीचे लिहितीलच. मी 1986 च्या दहावीचा. आमच्या वेळच्या कुणालाही ‘भौतिकशास्त्राचे सर’ एवढं म्हटलं तरी पुरतं.

‘विद्युतधारा’ हा धडा सरांनी फळ्यावर कमी आणि टेबलावर जास्त शिकवला. नायक्रोमची तार, सेल, धारा कमी-जास्त करायचा रिओस्टॅट, धारेच्या वाटेत एकसर जोडलेला अमीटर, तारेच्या दोन टोकांना समांतर जोडलेला व्होल्टमीटर. दीड व्होल्टला 0.3 अँपिअर, तीन व्होल्टला 0.6. भागाकार दोन्ही वेळा 5 ओहम. “भागलं की रोध, गुणलं की शक्ती,” सर म्हणायचे. “दोनच आकडे नीट मोजा, तारेची सगळी कुंडली हातात येते.” तीन व्होल्ट गुणिले 0.6 अँपिअर म्हणजे 1.8 वॅट, आणि ही शक्ती कुठे गेली ते तारेला बोट लावल्यावर कळायचं. एकक लिहिलं नाही तर उत्तर बरोबर असूनही गुण नाही.

ओहमची गोष्टही सरांनीच सांगितली. कुलपं बनवणाऱ्याचा मुलगा, जर्मनीत कोलोनच्या शाळेत शिकवणारा मास्तर. त्या काळच्या बॅटऱ्यांची धारा स्थिर राहत नसे, म्हणून त्याने दोन धातूंच्या जोडाचं एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात ठेवून धारा मिळवली आणि निरनिराळ्या लांबीच्या तारा तपासल्या. 1827 साली त्याचं पुस्तक आलं. तोही शाळामास्तरच होता, हे सांगताना सरांचा आवाज चढायचा.

पण मला लिहायचं आहे ते शंभरच्या बल्बबद्दल. फळ्यावर गणित होतं: 100 वॅट, 230 व्होल्ट, रोध काढा. शंभराला 230 ने भागलं, धारा 0.43 अँपिअर. 230 चा वर्ग भागिले 100, रोध 529 ओहम. सगळ्यांचं उत्तर जुळलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “सर, बल्ब मोजून बघू या?” सरांनी कपाटातून स्वतःचा काट्याचा मल्टिमीटर काढला, शिपाईकाकांकडून शंभरचा बल्ब मागवला आणि त्याच्या दोन टिकल्यांना पिना टेकवल्या. काटा 40 ओहमच्या जवळ थांबला. वर्गात गलका. कुणी म्हणे मीटर बिघडला, कुणी म्हणे सूत्र चुकलं.

सर म्हणाले, “मीटरही बरोबर आणि गणितही बरोबर. कारण शोधा.” आणि तास संपला.

दुसऱ्या दिवशी नायक्रोमच्या जागी टॉर्चचा बल्ब लावला. रिओस्टॅट सरकवत एकेक नोंद घेतली. अर्ध्या व्होल्टला रोध साधारण 4 ओहम, अडीच व्होल्टला 8 च्या वर. फिलामेंट काळं होतं तेव्हा रोध कमी, तांबूस झालं तेव्हा वाढलेला, पांढरं झालं तेव्हा सगळ्यात जास्त. मग आमच्याच तोंडून निघालं: टंगस्टन तापलं की त्याचा रोध वाढतो. सरांनी मोजला तो थंड बल्ब होता, गणितातला पेटलेला, अडीच हजार अंशांच्या आसपासचा. “मग बटण दाबल्या क्षणी धारा किती?” सरांनी विचारलं. 230 भागिले 40, पावणेसहा अँपिअर! बल्ब बहुतेक वेळा लावतानाच का उडतो, हे त्या दिवशी कळलं.

दहावीनंतर मी आयटीआय केलं आणि तालुक्याच्या ठिकाणी मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलं. आज माझ्या हाताखाली चार मुलं आहेत आणि परिसरातल्या विहिरींवरच्या मोटारी माझ्याकडे येतात. उन्हाळ्यात एका डीपीवर, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरवर, भार वाढला की 415 च्या जागी 320 व्होल्ट मिळतात. शेतकऱ्याला वाटतं, व्होल्टेज कमी म्हणजे मोटारीला त्रास कमी. बल्बचं तसं असतं, पण मोटारीला पाणी तेवढंच उचलायचं असतं. पाच एचपीची मोटार साडेसात अँपिअरऐवजी दहाच्या आसपास ओढते, आणि वाइंडिंगची, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीची, उष्णता धारेच्या वर्गाने वाढत असल्यामुळे ती दीडपटीहून जास्त होते. ओव्हरलोड रिले, म्हणजे धारा वाढली की मोटार बंद करणारा खटका, बांधून ठेवला असेल तर तारेवरचं वार्निश करपायला वेळ लागत नाही.

मोटार आली की मी बारा व्होल्टची बॅटरी लावून तिन्ही फेज मोजतो. दोन फेजना 3 अँपिअर, म्हणजे 4 ओहम. तिसरीला 3.6 आले की रोध 3.3 वर उतरला, आत वळणं एकमेकांना चिकटली. माझ्या मुलांना मी हे वहीत लिहायला लावतो, एककासकट.

आता प्रात्यक्षिकं पडद्यावर दाखवतात आणि नोंदी गाइडातून उतरतात, असं नातवाकडून कळलं. जीव हळहळतो. ज्या पोरांच्या घरी मोटार आहे, मीटर आहे, दर महिन्याला बिल येतं, त्यांनी अमीटरला हात न लावता दहावी व्हावं, हे मला पटत नाही.

सर आज असते तर महोत्सवाला पहिल्या रांगेत बसले असते. त्यांच्या नावे मी प्रयोगशाळेला दहा अमीटर, दहा व्होल्टमीटर, रिओस्टॅट आणि नायक्रोमची तार द्यायचं ठरवलं आहे. तसं मुख्याध्यापकांना कळवलंही आहे. दर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तासभर मी यायला तयार आहे. शंभरचा जुना बल्ब मी घेऊन येईन.