ग्वाल्हेरहून वारीला: पाय, पोट आणि समाजआरती

ग्वाल्हेरहून वारीला जायचं तर आधी पंचांग नीट बघावं. माउलींची पालखी आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते. आपल्याकडे भिंतीवर असतं ते पंचांग बहुधा पौर्णिमान्त, म्हणून त्यात हीच तिथी आषाढ कृष्ण अष्टमी अशी छापलेली असते. नुसतं ‘ज्येष्ठ’ बघून झेलम एक्स्प्रेसचं आरक्षण केलं, तर आळंदीला महिनाभर आधी पोहोचाल.

आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली मंडळी चैत्रापासून चालायला लागतो. मे महिन्यात इथला पारा ४५ला टेकतो, त्यामुळे सगळं चालणं सकाळी सातच्या आत. रोज ४ किलोमीटरपासून सुरुवात, दर आठवड्याला दोनाची भर, आणि किल्ल्यावर जायची उरवाई दरवाज्याकडची चढण आठवड्यातून दोनदा. दिवे घाटासाठी याहून चांगली तालीम गावात नाही. निघायच्या आधी लागोपाठ दोन दिवस १५-१५ किलोमीटर चालून बघावं. पहिल्या दिवशी कुणीही चालतं. दुखऱ्या पायांनी दुसऱ्या दिवशी चालता येतं का, ते कळायला हवं. बूट याच सरावात वापरलेले आणि अर्धा नंबर मोठे, कारण दुपारपर्यंत पाय सुजतात.

नाव नोंदवताना दिंडीची भिशी, म्हणजे जेवणा-मुक्कामाची वर्गणी, किती, एवढंच विचारून भागत नाही. तंबूत माणसं किती, पाण्याचा टँकर स्वतःचा आहे का, सामानाचा ट्रक मुक्कामाला कधी पोहोचतो, हेही विचारा. पिशवीवर नाव आणि दिंडी क्रमांक ऑइलपेंटने लिहा. पेनाने लिहिलेलं पहिल्या पावसात जातं. खांद्यावर फक्त पाणी, पंचा, प्लास्टिकचं इरलं आणि औषधं. तीन किलोच्या वर गेलं की पाठ बोलायला लागते.

खरा प्रश्न फोडांचा. ओल, उष्णता आणि घासणं ही तिन्ही एकत्र आली की फोड येतो. आळंदी ते पुणे भिजलेले मोजे तसेच ठेवणाऱ्याच्या टाचा सासवडच्या आधीच जातात. टाच चुरचुरली की तिथेच बाजूला बसायचं, पाय कोरडा करायचा, कागदी चिकटपट्टी लावायची आणि मोजे बदलायचे. “पुढच्या विसाव्याला बघू” म्हणणारा मुक्कामाला लंगडत येतो. छोटा फोड फोडू नये. मोठा, ताणलेला असेल तर निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढावं, कातडी मात्र तशीच राहू द्यावी. खालच्या नाजूक त्वचेला तेच पांघरूण. मधुमेह असेल तर हे स्वतः करायचंच नाही, वैद्यकीय तंबू गाठायचा. मांड्या घासू नयेत म्हणून सकाळीच खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावावं. ओआरएसचं मोठं पाकीट पुरतं एक लिटर पाण्यात घालावं. पेलाभर पाण्यात अख्खं पाकीट घातलं तर मिठाचं प्रमाण वाढून उलट त्रास होतो.

पुणे ते सासवड हा सगळ्यांत लांबचा टप्पा, ३० किलोमीटरच्या आसपास, आणि तो येतो नेमका एकादशीला. त्यातच दिवे घाट. वाटेत साबुदाणा खिचडी मागाल तितकी मिळते आणि तिथेच घात होतो. तेलकट खिचडी, वर चार कप चहा, मग चढणीवर जळजळ. केळी, राजगिऱ्याचे लाडू आणि मूठभर दाणे दर दोन तासांनी, एवढ्यावर घाट निभतो.

आम्हा ग्वाल्हेरकरांना भंडारा घालायची सवय, पंगतीत वाढायला सगळे पुढे. वारीत मात्र घ्यावं लागतं. आपल्यापेक्षा गरिबाघरची बाई पिठलं-भाकरी हातावर ठेवते, पोरगंसुद्धा “माउली” म्हणून पाया पडतं, आपणही वाकायचं. पहिले दोन दिवस हे जड जातं. पैसे पुढे करावेसे वाटतात. करू नयेत, त्या बाईला वाईट वाटतं. द्यायचंच असेल तर बिस्किटांचे पुडे वाटू नका, ते कचऱ्यात जातात. आपल्या दिंडीच्या एखाद्या दिवसाच्या टँकरचा खर्च उचला, किंवा रात्री म्हाताऱ्या वारकऱ्यांचे पाय तेलाने चोळून द्या. दुसरं जास्त अवघड आहे.

मुक्कामाच्या तळावर समाजआरती होते, तिच्याइतकी चोख व्यवस्था आम्ही दुसरीकडे पाहिली नाही. पालखीभोवती दिंड्या टाळ वाजवत उभ्या असतात. चोपदाराने हातातला दंड उंचावला की सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र वाजवत राहते. मग चोपदार तिकडे जातो, म्हणणं ऐकून घेतो आणि निवाडा होतो. हरवलं-सापडलं पुकारलं जातं, उद्याची निघायची वेळ सांगितली जाते, मग आरती. म्हणजे दिवसाचा हिशेब त्याच रात्री मिटतो. पालखी सोहळ्याला ही शिस्त लावणारे हैबतबाबा आरफळकर हे ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरचे सरदार. त्यामुळे तळावर आमची मान जरा ताठ होते, हे खोटं कशाला बोला!

परतल्यावर काय टिकतं? पहाटे तीनचं उठणं टिकत नाही, त्याचा हट्टही धरू नये. चालणं श्रावणात सुटतं, पाऊस आणि सणाचं जेवण दोन्ही आडवी येतात. म्हणून आम्ही दोघा-दोघांची जोडी लावून देतो, एकाने दुसऱ्याच्या दारावर थाप मारायची. हरिपाठ झाला की समाजआरतीसारखंच घरी विचारतो: आज कुणाची तक्रार राहिली का, कुणाची वस्तू किंवा पैसे आपल्याकडे राहिले का, उद्या किती वाजता उठायचं. पाच मिनिटं लागतात. दर एकादशीला चहा-फराळाचे वाचलेले पैसे एका डब्यात टाकतो. तो डबा दिंडीत नावं द्यायच्या आधी उघडतो, आणि ज्याला भिशी परवडत नाही त्याचं नाव त्यातून भरतो. नाव कुणाचं, ते भरणाऱ्याखेरीज कुणाला सांगत नाही.